माझ्या नावावरचे आकडे

सोमवार, ६ फेब्रुवारी

आज खोटं लिहिलं. नाव माझंच — आकडे दुसऱ्याचे.

दुपारी ओच्यामे अन्टो माझ्या औषधांच्या दुकानात आले. दरबारात राजाचा, म्हणजे नानांचा, शब्द लोकांना आणि लोकांचा नानांना पोचवायचं काम त्यांचं. बसायला दिलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर रीतीप्रमाणे विचारलं, येणं कसं झालं?

"विशेष काही नाही. ते दंडाला बांधायचं यंत्र घेऊन ये. डोकं दुखतंय."

"तुमचं?"

"माझंच समज."

समजलो. नानांचं डोकं दुखत नसतं. आमच्या गावच्या राजाला ताप येत नाही, खोकला येत नाही. नाना आजारी आहेत असं जो म्हणेल त्याला मेंढा दंड. ते माझे सख्खे मामा — पण नियम भाच्यालाही तोच.

दुपारच्या वेळी राजवाड्यात सामसूम असते. नाना पाय स्टुलावर ठेवून बसले होते. राजाशी थेट बोलायचं नसतं, म्हणून मी म्हणालो, "ओच्यामे, नानांना सांगा, हात सैल सोडा." ओच्यामे नानांकडे वळून म्हणाले, "नाना, भाचा म्हणतो हात सैल सोडा." नाना म्हणाले, "त्याला सांग, बत्तीस वर्षांत हा हात सैल सोडलेला नाही." तिघेही हसलो.

१९८/११६. हसू गेलं.

परत मोजलं. १९६/११४.

दुकानात येऊन फोन उघडला. नाव आणि वय घातल्याशिवाय फोन आकडे पुढे पाठवत नाही. दुकानाचं दार लोटलं. मग लिहिलं — क्वाजो ओडुरो, पुरुष, वय ४८.

नाना बहात्तर वर्षांचे आहेत.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

डॉक्टरबाई मंगळवारी फोनच्या पडद्यावर येतात. बसतात राजधानीत, अक्राला. दीड वर्षात त्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही, पण गावातल्या त्रेसष्ट माणसांचं प्रेशर त्यांना पाठ आहे. मी मोजायचं, आकडे पाठवायचे, त्यांनी औषध सांगायचं, मी फडताळातून काढून द्यायचं. गावात मलाच डॉक्टर म्हणतात. त्या एकदा हसून म्हणाल्या होत्या, "मग मी कोण, तुमची कंपाउंडर?"

आज हसल्या नाहीत. "ओडुरोसाहेब, एकशे अठ्ठ्याण्णव? तुम्ही? आणि मला गेलं वर्षभर बोलला नाहीत?"

"आत्ताच कळलं."

"चेहरा तर ठणठणीत दिसतोय! चला, माझ्यासमोर मोजा बघू."

मी म्हणालो, यंत्राचे सेल संपलेत. हे दुसरं खोटं. एका खोट्याला दुसरं लागतंच. मिडल स्कूलच्या मास्तरांनी हे छडी मारून शिकवलं होतं.

गोळी सांगितली. रोज एक. मीठ बंद, खारवलेली मासळी बंद.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

नाना म्हणतात मीठ सोडीन, खारी मासळी नाही. ओच्यामेमार्फत निरोप — "भाच्याला सांग, माशाशिवाय केलेला पाल्याचा रस्सा बकरीला घाल."

शनिवार, ११ फेब्रुवारी

दुफिएने पाहिलं. दुकानात फोन तीही हाताळते, लपणार कसं! माझ्या नावापुढचे आकडे वाचून रडायलाच लागली. मग खरं सांगावं लागलं. वीस वर्षं संसार केलेल्या बाईला रडताना पाहवेना.

रडणं थांबलं आणि तोफ सुरू झाली. "दुसऱ्याचं दुखणं स्वतःच्या डोक्यावर घेता? डोकं केवढं तुमचं, ओझं केवढं! आणि उद्या तुम्हालाच काही झालं तर कुठे लिहायचं? तुमच्या नावावर जागा आहे का आता?"

खरंच नाही. माझं स्वतःचं मोजलं तर त्याच रांगेत जाऊन बसणार. मग डॉक्टरबाई कशावरून औषध ठरवतील?

म्हणून मोजत नाही. तसं काही होतही नाहीये मला. कधीतरी मान भरून येते, एवढंच.

गुरुवार, २ मार्च

१५२/९०!

देवा, तुझे उपकार. ओच्यामेंनी राजदंड बाजूला टेकवून दोन पावलं नाचून दाखवली. नाना म्हणाले, "त्याला सांग, डोक्यातला ढोल थांबला." मग ओच्यामेंना वगळून थेट माझ्याकडे पाहिलं. लहानपणी आईबरोबर त्यांच्या कोको-मळ्यात जायचो, तेव्हा पाहायचे तसं. म्हणाले, "क्वाजो, जेवून जा."

आम्ही चार भाचे. एक इटलीत, एक कुमासीत वकील, एक बँकेत. मी गावातल्या शाळेपुरता शिकलेला, दुकान आणि चर्चची वडीलकी सांभाळणारा. आज वाटलं, कामी कोण आला?

हा अभिमान. लिहून ठेवतो, म्हणजे रविवारी पश्चात्तापाच्या वेळी आठवेल.

मंगळवार, ७ मार्च

परत चढलं. १७४/१००. डॉक्टरबाई म्हणतात, दुसरी गोळी जोडायची, पण आधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी हवी. "मूत्रपिंड नीट असेल तर ही गोळी अमृत. नसेल तर विष. जिल्ह्याच्या गावी जाऊन रक्त देऊन या."

शुक्रवार, १० मार्च

ओच्यामेंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी देवळात थुंकलो.

"रक्त? नानांचं? सुईने?"

"दोन थेंब."

"अर्धा थेंबही नाही. गादीवर बसलेल्या माणसाचं रक्त सांडलं तर गावावर काय येतं, तुला आईने शिकवलं नाही? बत्तीस वर्षांत त्यांच्या गालाला वस्तरा लागू दिलेला नाही आम्ही!"

ओहेमांकडे गेलो. त्या गावच्या राणीमाता आणि माझ्या आईची थोरली बहीण. घरात मी त्यांना आईच म्हणतो. त्या म्हणाल्या, "तू शहाणा आहेस. रक्ताशिवाय होईल ते कर."

सोमवार, १३ मार्च

सकाळी सहाच्या गाडीने जिल्ह्याच्या गावी गेलो. प्रयोगशाळेत मुलीने चिठ्ठी वाचली, "क्वाजो ओडुरो?" मी म्हणालो, "हो." बाही वर केली.

ते खोटं नव्हतं. तेच तर वाईट.

बुधवार, १५ मार्च

डॉक्टरबाईंचा निरोप — "अभिनंदन! मूत्रपिंड पंचवीस वर्षांच्या तरुणाचं आहे. नवी गोळी सुरू करा. दोन आठवड्यांनी परत रक्त."

गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन फडताळासमोर उभा राहिलो. दुफिए म्हणाली, "देणार आहात?" मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलंय." ती म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय."

प्रार्थना केली. उत्तर आलं नाही. उत्तर न येणं हा होकार मानला.

दिल्या.

रविवार, १९ मार्च

१४६/८८. नुसता आकडा पाहिला तर सगळं ठीक.

मंगळवार, २१ मार्च

नानांना मळमळ. अन्न कडू लागतं, जिभेवर पैसा ठेवल्यासारखं. पाय सुजलेत. बोट दाबलं तर खड्डा पडतो, आणि तसाच राहतो.

पडद्यावर डॉक्टरबाईंना सांगितलं — मळमळ होते, पाय सुजतात. म्हणाल्या, "दाखवा पाय."

फोन खाली धरला. वहाणा काढल्या. दोन काळे, वाळके, शिरा दिसणारे पाय. माझे.

"कुठे आहे सूज? हरणासारखे पाय आहेत हो तुमचे!"

"संध्याकाळी येते."

"पहिल्या गोळीने कधी कधी येते थोडी. झोपताना पाय उशीवर ठेवा. मळमळीचं म्हणाल, तर तुमचा रिपोर्ट इतका चांगला आहे की मला काळजी वाटत नाही. जेवणानंतर गोळी घ्या."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मागे बाकावर तीन बायका मोजायला बसल्या होत्या — पाणी पिऊन झालेलं, पाय जमिनीला टेकवून, माझ्याकडे बघत. गावात असं वाक्य एकदा सुटलं की मेंढ्यावर भागत नाही. नानांशी जमिनीवरून भांडणारे लोक वाटच पाहताहेत. आजारी राजा म्हणजे गादीवरून उतरवायचा राजा.

"बरं डॉक्टरबाई," म्हणालो.

शुक्रवार, २४ मार्च

ओहेमांच्या पाया पडलो. "आई, त्यांना कुमासीच्या दवाखान्यात नेऊ. आज. माझी गाडी नाही, पण करतो कुठूनतरी."

"रविवारी मोठा दरबार आहे. चार गावचे राजे येणार. नाना दिसले नाहीत तर संध्याकाळपर्यंत काय बोललं जाईल?"

"काय बोललं जाईल ते बोलू दे!"

"आवाज खाली घे. सोमवारी नेऊ. गुपचूप. तोपर्यंत तुझ्या गोळ्या दे."

"गोळ्यांनीच होत असेल हे."

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. "मग नको देऊस. पण सोमवार."

दुसरी गोळी आजपासून बंद केली. डॉक्टरांना न विचारता. विचारणार कुठल्या तोंडाने?

संध्याकाळी फोनवर लिहिलं — डॉक्टरबाई, ते आकडे माझे नाहीत. वाचलं. परत वाचलं. पुसलं.

रविवार, २६ मार्च

दरबार झाला.

राजाच्या वहाणा पायात चढेनात. काळ्या कातड्याच्या, सोन्याची नक्षी असलेल्या, नानांच्या मामांपासून चालत आलेल्या. आणि अनवाणी पाऊल जमिनीला लागणं तर महापाप. शेवटी ओच्यामेंनी सुरीने वहाणेचे पट्टे आतल्या बाजूने कापले, वर कापड ओढलं. नाना चालले. दोन्ही बाजूंनी दोघे, छत्रीखाली, ढोलांच्या तालावर हळूहळू. लोक म्हणाले, "काय तो डौल! कसे सावकाश पाऊल टाकतात!"

चार तास बसले. अंगावर इतकं सोनं की हात उचलवेना. मला वाटलं सोनंच जड आहे.

शेवटी माझ्यासमोरून गेले. ओठ निळे. ओच्यामे मध्ये नव्हते. हळूच म्हणाले, "क्वाजो, हात सैल सुटले रे."

सोमवार, २७ मार्च

सकाळी सातला भाड्याची गाडी घेऊन मागच्या दाराशी गेलो. दार आतून बंद. ओच्यामे फटीतून म्हणाले, "आज नाही."

"का?"

"उठवत नाहीये त्यांना. उचलून नेलं तर अख्खा रस्ता बघेल."

गाडी परत पाठवली. दुपारी यंत्र घेऊन गेलो. आत घेतलं नाही.

बुधवार, २९ मार्च

नाना गावाला गेले.

आमच्यात राजाबद्दल एवढंच म्हणतात. याहून जास्त वहीतही लिहायचं नसतं.

शुक्रवार, ३१ मार्च

फोनवर आपोआप निरोप आला: "क्वाजो ओडुरो, आज तुमची रक्ततपासणी ठरली आहे. विसरू नका."

मंगळवार, ४ एप्रिल

"क्वाजो ओडुरो, या आठवड्याचं प्रेशर नोंदवलेलं नाही. तब्येत बरी आहे ना?"

डॉक्टरबाईंनी तीनदा फोन केला. उचलला नाही. दुफिएने उचलला आणि म्हणाली, "घरात दुःख आहे." कोण गेलं, असं त्यांनी विचारलं असणार. दुफिए म्हणाली, "कोणी नाही."

शुक्रवार, ७ एप्रिल

शुभ शुक्रवार. वाचनाची पाळी माझी होती. घसा बसला म्हणून सांगितलं, मागे जाऊन बसलो. पाद्री म्हणाले, एकाने सगळ्यांचं दुखणं स्वतःवर घेतलं. माझ्या बाजूची म्हातारी "आमेन" म्हणाली. मला उठून बाहेर जावं लागलं.

मी दुखणं घेतलं नाही. मी फक्त नाव दिलं. दुखणं ज्याचं त्याच्याकडेच राहिलं, आणि माझ्या नावाआड कुणाला दिसलं नाही.

बुधवार, १२ एप्रिल

ओहेमांना सांगायला गेलो. रक्त माझं दिलं, पाय माझे दाखवले, वय माझं लिहिलं; औषध एका माणसाचं, पोट दुसऱ्याचं. सगळं सांगितलं. त्या शेंगदाणे सोलत होत्या. सोलत राहिल्या.

"झालं बोलून?"

"आई, माझ्या हातून—"

"नाना आजारी नव्हते. आजारी नसलेल्याला औषध कोण देईल? आणि न दिलेल्या औषधाने काय होईल?" ताट पुढे सरकवलं. "घे. वाळला आहेस."

शेंगदाणे खाल्ले. काय करणार!

मंगळवार, १८ एप्रिल

आज डॉक्टरबाईंना सांगितलं. दुकानाचं दार लावलं, दुफिएला बाहेर बसवलं, आणि सांगितलं. कुणाचे आकडे ते सांगितलं नाही. एक म्हातारा माणूस, बहात्तर वर्षांचा, एवढंच.

त्या पडद्याजवळ सरकल्या.

"आता कसे आहेत ते?"

मी मान खाली घातली.

"अरे देवा." मग — "रक्त कुणाचं होतं?"

"माझं."

"पाय?"

"माझे."

त्यांनी चष्मा काढला. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मी एका माणसाला न पाहता औषध देत होते, आणि दर मंगळवारी मला वाटायचं मी त्याला पाहतेय. मीही समोर मोजायला लावायला हवं होतं. सेल संपले म्हणालात, आणि मी ऐकलं."

"तुमची चूक नाही डॉक्टरबाई."

"ते मला ठरवू दे. वर कळवावं लागेल मला हे." थोडं थांबून म्हणाल्या, "ओडुरोसाहेब, तुमचं स्वतःचं प्रेशर किती?"

"माहीत नाही."

"त्रेसष्ट माणसांचं माहीत आहे, आणि स्वतःचं नाही?"

"जागा नव्हती."

त्यांनी तिथूनच काहीतरी केलं. माझ्या फोनवर माझं नाव आलं, खाली सगळं रिकामं. "जुने आकडे वेगळे काढले. पान कोरं केलंय तुमचं. मोजा. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताचं. एवढं वचन द्या."

वचन दिलं. देवासमोर दिलं, नुसतं त्यांच्यासमोर नाही.

गुरुवार, २० एप्रिल

मोजायला बसलो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. उद्या.

मंगळवार, २५ एप्रिल

दंडाला पट्टा बांधतो आणि त्यांचा हात आठवतो. उद्या.

शनिवार, ६ मे

ओहेमा स्वतः दुकानात आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. मागे ओच्यामे आणि चार वडीलधारे. बसायला दिलं, पाणी दिलं, विचारलं, येणं कसं झालं?

त्यांनी ओच्यामेंकडे पाहिलं. ओच्यामे माझ्याकडे न पाहता बोलले. वकिलाचं नाव वडीलधाऱ्यांना नको, तो कोर्टात सगळं बोलतो. बँकेतला दारू पितो. इटलीतला येत नाही. आमच्यात गादी भाच्याकडे जाते. आता उरला एकच भाचा.

मी हसलो. खरंच हसू आलं. "मी? मी मिडल स्कूल शिकलेला दुकानदार आहे. चर्चचा वडील आहे. मी पूर्वजांसाठी जमिनीवर दारू शिंपडू?"

ओहेमा म्हणाल्या, "तू गावाचं दुखणं स्वतःच्या नावावर घेतलंस आणि तोंड उघडलं नाहीस. असाच माणूस लागतो."

"उघडलं, आई. डॉक्टरबाईंना सांगितलं."

"कुणाचं ते सांगितलंस?"

"नाही."

"मग काय सांगितलंस!"

मी म्हणालो, गादीवर बसणारा निरोगी लागतो. माझी मान भरून येते, सकाळी डोळ्यांपुढे ठिणग्या उडतात. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो.

"किती आहे तुझं ते प्रेशर?"

"मोजलं नाही."

"मग आजारी नाहीस," ओहेमा म्हणाल्या, आणि उठल्या. वडीलधाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी माझे दंड धरले. रीतच आहे तशी, पळू नये म्हणून. नवा राजा ठरला म्हणून खांद्यावर पांढरी माती फासली. बाहेर आधीच ढोल आणून ठेवले होते.

दुफिए फडताळाजवळ उभी होती. तिच्या हातात कुणाचं तरी औषध होतं. ते तिने खाली ठेवलंच नाही.

रविवार, ७ मे

चर्चला गेलो नाही. राजवाड्यात ठेवलंय, जाऊ दिलं नाही. दारात माणसं बसली आहेत.

मंगळवार, ९ मे

दुफिए यंत्र घेऊन आली. मला बसवलं, पाणी दिलं, पाच मिनिटं थांबली. पट्टा बांधला. २०८/१२२. परत मोजलं. तेच.

फोन उघडला. माझं कोरं पान वर आलं. तिने ते मिटलं आणि लिहिलं — दुफिए ओडुरो, स्त्री, वय ४४.

मी पाहत होतो. दंडावरचा पट्टा सोडून तिच्या हातात दिला.